आठशे चाळीस किलो पाला

राब मनासारखा पेटला होता. आग वाऱ्याच्या उलट लावल्यामुळे भडका कुठेच नव्हता. रांगणाऱ्या पोरासारखी ती वाफ्यावरून हळूहळू पुढे सरकत होती आणि वर नुसता निळसर धूर. झिपरू भोये हातात करंजाची ओली फांदी घेऊन शेजारी उकिडवा बसला होता आणि स्वतःवरच खूश होता. असा राब भाजला की मातीतलं तणाचं बी जळतं, कीड मरते आणि मग त्या राखेत पेरलेली नागली, म्हणजे नाचणी, कशी तरारून वर येते, ते त्याला त्याच्या आज्याने शिकवलं होतं. आज्याला कुणी शिकवलं ते विचारायची सोय नव्हती, पण बहुधा त्याच्या आज्यानेच.

एवढ्यात कार्यालयाच्या बाजूने ज्योत्स्ना मॅडम धावत येताना दिसल्या. एका हातात प्रवासाची पिशवी, दुसऱ्या हातात अंगठा तुटलेली चप्पल. पुण्याच्या एसटीतून उतरून तशाच आल्या असाव्यात. झिपरू उठून उभा राहिला. शाबासकी घेताना बसून राहू नये, एवढी रीत त्याला ठाऊक होती.

"झिपरूभाऊ! अहो, काय केलंत हे?"

"राब भाजला, मॅडमबाय," झिपरू हसत म्हणाला. "आखाजीचा सण होऊन चार दिस झालं, कोणीच पेटवंना. तुमीबी गावाला. म्हंगलं, आता उशीर नको व्हायाला."

मॅडम वाफ्याकडे बघत राहिल्या. मग तिथल्याच दगडावर मटकन बसल्या आणि फक्त म्हणाल्या, "आठशे चाळीस किलो."

झिपरूचं हसू तोंडावरच राहिलं. मॅडमबाईंच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते धुराने आलेलं नव्हतं. करायला गेला गणपती आणि झाला मारुती, एवढं त्याला कळलं. पण गणपतीचा मारुती नेमका कुठे झाला, ते मात्र कळेना.

ही गोष्ट सत्त्याण्णव सालच्या मे महिन्यातली. नाशिकहून पेठ रस्त्याला लागलं की माळावर दंडकारण्य विद्यापीठाच्या इमारती दिसायच्या. त्या वेळी विद्यापीठ पाच वर्षांचं होतं आणि झाडांपेक्षा पाट्याच जास्त होत्या. तिथे ज्योत्स्ना पाटणकर या बाईंनी पर्यावरणाचा एक वर्षाचा अभ्यासक्रम काढला होता. त्याला पुस्तक नव्हतं. "हे आवार हेच आपलं पुस्तक," असं त्या पहिल्याच तासाला सांगत आणि मुलांना उन्हात बाहेर काढत. मग ती पोरं गळक्या नळाखाली बादली ठेवून घड्याळाकडे बघत बसायची. खानावळीत ताटात टाकलेल्या पोळ्या मोजायची. एकदा तर त्यांनी कुलगुरूंच्या खोलीतले दिवे मोजून, त्यातले निम्मे विनाकारण जळतात असं फळ्यावर लिहून टाकलं होतं. गंगापूर रोडच्या बंगल्यातून येणारा ललित आणि निफाडच्या द्राक्षबागायतदाराची शुभांगी, ही दोघं त्या वर्षीची म्होरकी. झिपरूला हे सगळं फार आवडायचं. शिकलेली माणसं कामाला लागलेली बघायला कुणाला आवडत नाही?

माघात पानगळ सुरू झाली तशी मॅडमनी नवी टूम काढली. आवारातला पाला कुणी जाळायचा नाही. रोज गोळा करायचा, तोलकाट्याला टांगून तोलायचा, वहीत लिहायचा आणि वसतिगृहामागच्या वाफ्यात त्याचं खत करायचं. तिथे फळा लावला होता. त्याच्यावरचा आकडा रोज वाढायचा. आषाढात त्या खतावर नागली लावायची आणि पुढे दिल्लीची समिती अभ्यासक्रम बघायला येईल तेव्हा पालापाचोळ्यापासून भाकरीपर्यंतचा सगळा हिशेब तिच्यापुढे ठेवायचा, असा बेत होता. पुण्याच्या शिबिराला जाताना मॅडम झिपरूला सांगून गेल्या होत्या, "या वाफ्याकडे लक्ष ठेवा हं. यावरच आपली नागली यायचीय."

आणि झिपरूने लक्ष ठेवलं होतं. त्याने काय पाहिलं? खाली शेण, वर पाला, त्याच्यावर पातळ माती, पुन्हा शेण, पुन्हा पाला. त्याच्या पेठकडच्या डोंगरातल्या करंजपाड्यावर राब रचतात तो असाच, थर अन् थर. वर नागलीचं नाव. वर महिनाभर वाफ्यावर पाणी मारणं बंद. ते टंचाईमुळे बंद होतं, पण झिपरूला वाटलं, वाळवायला ठेवलाय. शहरातल्या बाईला राब रचता येतो याचंच त्याला इतकं कौतुक वाटलं, की त्याने नवसाबाईला, म्हणजे बायकोला, दोनदा सांगितलं. राहता राहिलं पेटवायचं. तेवढं त्याने प्रेमाने करून टाकलं.

नुसत्या धुराचं प्रकरण मॅडमपर्यंतच निभावलं असतं. पण वारा फिरला आणि राख उडून पाहुणेघराच्या गच्चीवर वाळत घातलेल्या पांढऱ्या चादरींवर बसली. उरलेली राख बसली ती मालमत्ता विभागाच्या कोठावदे साहेबांच्या नव्या सफारीवर. कोठावदे साहेब म्हणजे शिस्तीचं दुसरं नाव. त्यांच्या टेबलावरची टाचणीसुद्धा विचारल्याशिवाय हलायची नाही. त्यांनी झिपरूच्या खिशातली काडेपेटी काढून घेतली, पाकिटात घातली आणि पाकिटावर तारीख टाकली.

"भोये, तू माळी आहेस का होळीवाला?" ते कडाडले. "झाडं राखायला ठेवला तर कुंपणानेच शेत खाल्लं! उद्यापासून येऊ नको."

झिपरूने हातातली करंजाची फांदी खाली ठेवली. त्याला फक्त मीना आठवली.

मीना ही त्याची उशिरा झालेली एकुलती पोर, तेव्हा पाचवीत होती. तिच्या जन्माच्या आधीपासून झिपरू आणि नवसाबाई दसरा झाला की बिऱ्हाड डोक्यावर घेऊन खाली उतरायचे. निफाडला बागांची छाटणी, पिंपळगावला खुडणी आणि पेट्या भरणं. होळीला परत डोंगरात. मीना दसऱ्यापर्यंत शाळेत असायची, मग हजेरीपटावर तिच्या नावापुढे नुसत्या रेघा. दोन वर्षांपूर्वी या आवारात रोजंदारीवर माळ्याचं काम मिळालं, मागच्या बाजूला एक खोली मिळाली आणि घरातली तिघंही आयुष्यात पहिल्यांदा बारा महिने एका जागी राहिली. मीनाच्या नावापुढे आता रेघ नव्हती. झिपरूला नोकरीचं सुख विचारलं असतं तर त्याने एवढंच सांगितलं असतं.

संध्याकाळी तो खोलीत बोचकं बांधत होता, तेव्हा शुभांगी आणि ललित दारात आले. कोठावदे साहेबांना लेखी खुलासा हवा होता आणि झिपरूला लिहिता येत नव्हतं.

"मामा, तुम्ही सांगा, मी लिहिते," शुभांगी म्हणाली. "चुकून पेटला असं लिहू?"

"चुकून कसा पेटंल? मीच पेटवला."

"मामा, असं लिहिलं तर नोकरी जाईल ना!" ललित म्हणाला.

"खोटं लिवून ऱ्हायली तरी काय कामाची? लिव, बाय. पाला जाळला नाय. राब भाजला. आमच्याकडं नागलीला राब भाजत्यात. मला वाटलं, मॅडमबायना तसंच पायजे. इचारलं नाय, हे चुकलं."

शुभांगीने लिहिलं. मग पेन तसंच हातात धरून तिने विचारलं, "मामा, पण राब म्हणजे नेमकं काय? किती दिवस लागतात? उगवण किती येते?" झिपरू सांगत गेला आणि तिने खुलाशामागे आणखी तीन पानं भरली. नवसाबाईने त्या दोघांना कोरा चहा दिला आणि बोचक्याची गाठ सोडून पातेलं पुन्हा चुलीशेजारी ठेवलं. गाठ सोडायचं तिला कुणी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ज्योत्स्ना मॅडम ती चार पानं घेऊन कोठावदे साहेबांकडे गेल्या. झिपरू दाराबाहेर उभा होता. आतलं सगळं ऐकू येत होतं, कारण मॅडम शिकवणाऱ्या होत्या आणि साहेब ओरडणारे.

"साहेब, मी काल रडले, कबूल. पण रात्रभर मला एकच वाटत राहिलं. वर्षभर मुलांना सांगतेय की आवारातल्या प्रत्येक गोष्टीकडून शिका. नळाकडून शिकलो, उष्ट्या पोळ्यांकडून शिकलो. पाणी घालणाऱ्या माणसाला मात्र एक प्रश्न विचारला नाही. आम्ही वाफा रचताना तो रोज शेजारी उभा होता!"

"म्हणून काय त्याचा सत्कार करू?"

"नको. दोन वाफे करू. एकात त्यांची राख, दुसऱ्यात आम्ही खानावळीमागच्या खड्ड्यात खरकट्याचं करतोय ते खत. बघू काय उगवतं ते."

बराच वेळ टाचण्यांचा आवाज आला. "दसऱ्यापर्यंत," कोठावदे साहेब शेवटी म्हणाले. "समिती येऊन जाऊ दे. तिच्यापुढे हसं झालं तर अभ्यासक्रम तुमचा जाईल आणि नोकरी त्याची. आणि काडेपेटी परत मिळणार नाही!"

मृगात दोन्ही वाफ्यांत नागली पेरली. झिपरूच्या वाफ्यात दहाव्या दिवशी हिरवी सतरंजी अंथरल्यासारखी रोपं आली. तण औषधालासुद्धा नाही. मॅडमच्या वाफ्यातही उगवलं, आणि काय काय उगवलं! खानावळीच्या खरकट्यातून टोमॅटो उगवला, भोपळा उगवला, पपई उगवली, मिरची उगवली आणि एका कोपऱ्यात चिंचेने डोकं वर काढलं. नागली तेवढी शोधावी लागत होती.

"आजचा मेनू काय आहे मॅडम?" ललितने गंभीर चेहऱ्याने विचारलं. मॅडमसकट सगळे पोट धरून हसले. झिपरू आधी हसला नाही, मॅडमबाईंचं तोंड बघून मग हसला.

मॅडमनी हार मोकळ्या मनाने मानली. "झिपरूभाऊ, तुमचा वाफा जिंकला. समितीला हाच दाखवू. याला आता हात लावायचा नाही."

"हात नाय लावायचा?" झिपरू दचकला. "मॅडमबाय, राब म्हंजी बाळंतिणीची खोली. पोर जल्मतं तिथं. तिथंच म्हातारं व्हतं व्हय? आवणी कराया लागंल. उपटून मोकळ्या रानात लावायचं."

शुभांगीने वही उघडली. बाळंतिणीची खोली तिने जशीच्या तशी लिहून घेतली.

मग बावीस पोरापोरींनी आवणी केली. आवणी म्हणजे रोपं उपटून शेतात लावणं. हे सांगायला सोपं आहे. ललितचा बूट चिखलात रुतला तो पोळ्याला सापडला. शेताचे दोन भाग केले होते. मॅडमचं खत निम्म्या शेतालाच पुरलं, तर झिपरू म्हणाला, उरलेल्याला माझी राख घाला. त्याच्या आवाजात जरा रुबाब होता. आठवडाभर त्याला वरच्या पट्टीत बोलायची सवय लागली होती. नवसाबाईने त्यावरून त्याला दोनदा टोकलंही.

तो रुबाब श्रावणात उतरला. पावसाने दडी मारली. सतरा दिवस आभाळ कोरडं ठणठणीत. खताच्या बाजूची नागली दुपारी मान टाकायची, पण सकाळी पुन्हा ताठ. राखेच्या बाजूची मात्र पिवळी पडत चालली. झिपरू रोज पहाटे जाऊन दोन्हीकडची माती हातात घेऊन बघायचा. खताच्या मातीचा लाडू वळायचा. राखेची माती बोटांमधून गळून जायची.

अशाच एका सकाळी शुभांगी तोलकाटा घेऊन आली. त्याचा काटा वाचायला झिपरू तिच्याकडूनच शिकला होता. अक्षरं नकोत म्हणाला, पण आकडे त्याला आवडले.

"शुभांगीताय, एका करंजाचा पाला सालाला किती भरतो?"

तिने वही चाळली. "एकवीस किलो. साधारण."

"मंग मी जाळला तो किती झाडांचा?"

"आठशे चाळीस भागिले एकवीस. चाळीस झाडांचा, मामा."

"एका वाफ्याला चाळीस झाडं?"

शुभांगीने मान हलवली. झिपरू बांधावर बसला. करंजपाड्यावर तीस घरं होती आणि घरटी एक तरी राब. त्याने बोटं मोजायला घेतली आणि मध्येच सोडून दिली. आज्याच्या वेळी डोंगरावर इतकी झाडी होती, की खालच्या पाड्यातला धूर दिसत नसे, असं म्हातारा सांगायचा. आता डोंगरावर झाडं बोडकी. राबाला पाला पुरत नाही म्हणून दरसाल फांद्या खांडतात, आणि फांद्या खांडल्या म्हणून पाला पुरत नाही. पाऊस आटला, देव कोपला, असं सगळे म्हणायचे. पण आजवर डोंगरातल्या कुणी पाला तोलला नव्हता. झिपरूला एकाएकी फार वाईट वाटलं, मेलेल्या आज्यासाठी का डोंगरासाठी ते त्याला सांगता आलं नसतं.

समिती भाद्रपदात आली. अध्यक्षबाई मूळच्या नागपूरच्या, पांढऱ्या केसांच्या, हातात काठी, आणि बोलणं एक घाव दोन तुकडे. कोठावदे साहेब ती सफारी घालून आले होते. राखेचे डाग गेले नव्हते. ललितने आकडे सांगितले, शुभांगीने तक्ते दाखवले. अध्यक्षबाईंनी ते ऐकून घेतले, शेताकडे पाहिलं आणि काठी झिपरूकडे वळवली.

"हे राब भाजणारे तुम्हीच ना? मग सांगा, कुणाची पद्धत चांगली?"

झिपरूने एकवार कोठावदे साहेबांकडे बघितलं. माझीच चांगली म्हणावं, रोपं तर माझीच आहेत, दसरा तोंडावर आलाय, मीनाची सहामाही चालू आहे. एवढं सगळं त्याच्या मनात येऊन गेलं.

"रोप माझं चांगलं," तो म्हणाला. "तण नाय, कीड नाय. पण ती पिवळी बाजू दिसती ना, ती माझ्या राखंची. तहान लागल्यावर मॅडमबायचं खतच कामाला आलं. राख पाणी धरीत नाय."

"बरं."

"आनि येक हाय, बाय. एवढ्या राबाला चाळीस झाडांचा पाला लागला. या पोरांनी तोलला म्हनून कळलं. आमी डोंगरात दरसाल जाळतो, पर तोलला नाय कंधी. तोलला असता तं..." त्याने डोंगराच्या बाजूला हात केला. "तं डोंगर ऱ्हायला असता."

ज्योत्स्ना मॅडमनी चष्मा पुसायला काढला.

"मग पुढच्या वर्षी काय करणार?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"खाटंएवढा बारका राब. येकाच झाडाचा पाला. रोपापुरता. बाकी समदा पाला मॅडमबायच्या खड्ड्यात." मग जरा थांबून म्हणाला, "मला ठेवलं तर."

अध्यक्षबाईंनी वहीत बराच वेळ काहीतरी लिहिलं. जाताना त्या कोठावदे साहेबांना म्हणाल्या, "तुमच्याकडे शिकवणारी माणसं चांगली आहेत. दोन्ही." आणि गाडीत बसल्या.

दसऱ्याच्या दिवशी झिपरू अंघोळ करून, बोचकं बांधून कार्यालयात गेला. दसऱ्यापर्यंत म्हणजे दसऱ्यापर्यंत. कोठावदे साहेब पूजेसाठी टंकयंत्राला झेंडूची माळ घालत होते.

"काय रे?"

"दसरा झाला, साहेब."

"झाला, तर सोनं दे. आज सुट्टी आहे एवढं कळत नाही तुला? कामावर उद्या ये." आणि माळ सरळ करत, त्याच्याकडे न बघता म्हणाले, "ते खुलाशाचे कागद मी फाइलला लावलेत. तीन पानं जास्त आहेत, पण असू देत."

झिपरू घरी आला तर नवसाबाईने आधीच पुरण शिजत घातलं होतं. या बाईला सगळं आधी कसं कळतं, हे कोडं त्याला जन्मभर सुटलं नाही.

त्यानंतरची दहा वर्षं भराभर गेली. झिपरू कायम झाला. दर वर्षी आखाजीला नव्या मुलांचा पहिला मोठा तास त्याच्या वाफ्यावर व्हायचा. एका झाडाचा पाला, खाटेएवढा राब. काड्या कोठावदे साहेब स्वतः मोजून तीन द्यायचे, आणि न लागलेल्या परत घ्यायचे. मग आवणी, मग दिवाळीनंतर नागलीची भाकरी आणि मिरचीचा ठेचा. ती भाकरी खायला कुलगुरूसुद्धा यायचे, आणि त्यांच्या खोलीत आता निम्मेच दिवे होते. ललित पुढे बंगळूरला गेला. शुभांगीने निफाडला बापाच्या बागेत पाचटाचं आच्छादन सुरू केलं आणि बापाशी वर्षभर भांडण काढलं. मीना शिकली, नर्स झाली आणि पेठच्या सरकारी दवाखान्यात लागली. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर 'नियमित उपस्थिती' असं लिहिलेलं तिने बापाला वाचून दाखवलं, तेव्हा झिपरूने तो दाखला पुन्हा एकदा वाचायला लावला होता.

दोन हजार आठच्या माघात झिपरू निवृत्त झाला. शाल झाली, नारळ झाला. ज्योत्स्ना मॅडम बोलायला उभ्या राहिल्या आणि दोन वाक्यांत खाली बसल्या. शिकवणाऱ्या बाईंचा आवाज त्या दिवशी पहिल्यांदाच मागच्या रांगेपर्यंत गेला नाही. मुलांनी वर्गणी काढून त्याला भेट दिली ती नवा कोरा तोलकाटा. मग कोठावदे साहेब आले. त्यांचीही निवृत्ती दोन महिन्यांवर आली होती. त्यांनी खिशातून एक पिवळं पडलेलं पाकीट काढलं. वर तारीख होती.

"भोये, हा तुमचा ऐवज," ते म्हणाले. इतक्या वर्षांत ते झिपरूला पहिल्यांदाच 'तुम्ही' म्हणत होते. "सही करायची आहे. अंगठाही चालेल."

आत ती काडेपेटी होती. सगळे हसले. झिपरूही हसला, आणि शालीच्या पदराने डोळे पुसून पुन्हा हसला.

झिपरू करंजपाड्यावर परतला आणि चैत्रात तिथे राब रचायला सुरुवात झाली. बाया डोंगरातून पाल्याचे भारे घेऊन उतरत होत्या. भारे लहान होते आणि चाल लांबची होती. झिपरूने स्वतःच्या शेताच्या बांधावर उभ्या असलेल्या एकुलत्या मोहाच्या फांदीला तोलकाटा टांगला. त्याचा बाळपणीचा सोबती काळू भारा टाकून बघत राहिला.

"ह्ये काय रं झिपऱ्या? पाला काय बाजारात इकायचाय?"

"इकायचा नाय. तोलायचाय."

"कशाला? पेटवून तं द्यायचा!"

"पेटवू. काडेपेटी हाय माझ्याकडं, साहेबांनी दिलेली. पर आदी तोलू."

काळू हसला, बाया हसल्या. म्हातारा शहरात राहून येडा झाला, असं कुणीतरी म्हणालं. झिपरू मनावर न घेता काळूचा भारा उचलून तोलकाट्याच्या आकड्याला अडकवायला लागला. भारा दोनदा निसटला, तिसऱ्यांदा टांगला गेला. काटा थरथरला आणि थांबला. नकळत सगळ्यांच्याच माना पुढे आल्या.

"किती झालं?" काळूनेच विचारलं.

"चौदा."

लिहून घ्यायला वही उघडून कुणी उभं असेल, म्हणून झिपरूने सवयीने मागे वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं. तो वाकला, मागच्या सालच्या राबातला एक कोळसा उचलला आणि बांधावरच्या सपाट दगडावर सावकाश, जपून लिहिलं: १४.

मग हात धोतराला पुसत म्हणाला, "आण, फुडला भारा आण."